अभ्यासिकेत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मोजायला वायफायचे सेन्सर आणि क्लाउड सॉफ्टवेअर घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: सदाशिव पेठेत २० बाय ३० फुटांचा हॉल, चाळीसेक मुलं, दोन स्प्लिट एसी, अभ्यासिका २४ तास चालू, खिडक्या कायम बंद, दुपारनंतर मुलं पेंगतात आणि डोकं जड झालं म्हणतात, आणि एका विक्रेत्यानं सहा वायरलेस सेन्सर अधिक दर वर्षाचं क्लाउड सबस्क्रिप्शन असं कोटेशन दिलंय.

मी क्लासेस आणि ऑफिसांमध्ये हेच बसवायचं काम करते म्हणून स्पष्ट सांगते, सेन्सर जरूर घ्या पण एक घ्या, सहा नकोत, आणि वाचलेले पैसे बाहेरची हवा आत आणण्यावर घाला.

का ते बघा. बसून अभ्यास करणारा मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर सीओटू सोडतो. चाळीस जणांचे झाले ७२० लिटर. तुमचा हॉल छत दहा फूट धरलं तर १७० घनमीटरचा, म्हणजे १ लाख ७० हजार लिटर. खोली पूर्ण हवाबंद असेल तर दर मिनिटाला सत्तर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत सत्तर भाग) वाढ! बाहेरच्या हवेत हल्ली ४२० च्या थोडं वर असतो, तिथून १००० ला पोचायला आठेक मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दाराच्या फटी असतात, मुलं ये-जा करतात, त्यामुळे एवढं झपाट्यानं चढत नाही, पण चढतंच, आणि बऱ्याच जणांना वाटतं एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, तसं अजिबात नाहीये. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच हवा गार करून परत तोंडावर मारतो. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, सीओटू नाही. कुंडीतल्या झाडांचा उपयोग इतका कमी की तो विषय सोडूनच द्या.

आता १००० ही मर्यादा कुठून आली. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये ती सुचवली, आणि त्यांनीही सीओटू विषारी म्हणून नाही तर खोलीत माणसांनी कोंदटलेली हवा किती साचलीय याची खूण म्हणून. आजही तसंच वाचायचं. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५००० पीपीएम आहे, म्हणजे १५०० दिसले म्हणून घाबरून मुलांना बाहेर काढायची गरज नाही. जर्मनीच्या पर्यावरण खात्याची वाटणी मला सोपी वाटते, १००० च्या आत ठीक, १००० ते २००० मध्ये हवा बदला, २००० च्या वर चालणार नाही. डोकं चालण्यावर काय परिणाम होतो यावर २०१२ मध्ये बर्कली लॅबनं आणि नंतर हार्वर्डच्या टीमनं प्रयोग केले, हजाराच्या आसपास आणि वर निर्णय घ्यायच्या चाचण्यांत मार्क घसरलेले दिसले, पण सगळ्या अभ्यासांत तेच दिसलेलं नाही. त्यामुळे झोपेचं सगळं खापर सीओटूवर फोडू नका, दुपारचं पोटभर जेवण पण असतंच. पण एका हॉलमध्ये चाळीस जण एकमेकांनी सोडलेली हवा दिवसभर ओढतायत, एकाला सर्दी झाली की आठवड्यात निम्मा हॉल शिंकतोय, हे तरी टाळायला हवं ना. परीक्षा तोंडावर असताना या मुलांचे दोन दिवस आजारपणात जाणं म्हणजे काय हे तुम्ही रोज बघताय.

सेन्सर घेताना पहिला प्रश्न विचारा, हा खरा सीओटू मोजतो की अंदाज लावतो? स्वस्त मशिनांत सीसीएस८११ किंवा एसजीपी३० सारखी चिप असते, ती हवेतले दुसरे वायू बघून सीओटूचा आकडा बनवते, सॅनिटायझर लावला की आकडा उडी मारतो. त्याचा काही उपयोग नाही. एनडीआयआर हवा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला त्यावरून मोजणारा, उदा. सेन्सएअरचा एस८ किंवा विन्सेनचा एमएच-झेड१९, नाहीतर सेन्सिरियनचा एससीडी४१, तो फोटोअकूस्टिक आहे, म्हणजे प्रकाशामुळे वायूत उठणाऱ्या आवाजावरून मोजतो, पण तोही खराच सीओटू मोजतो.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे विक्रेता बहुतेक सांगणार नाही. या बहुतेक सेन्सरांत ऑटो कॅलिब्रेशन चालू असतं, म्हणजे सेन्सर आपला आकडा आपणच जुळवून घेतो. ते असं धरून चालतं की आठवड्यात कधीतरी खोली रिकामी होऊन बाहेरच्या हवेइतकी, म्हणजे ४०० ला, उतरतेच, मग आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा ते ४०० मानतं. शाळेत, ऑफिसात हे बरोबर चालतं. तुमची अभ्यासिका २४ तास चालू! पहाटे चार वाजता पण दहा-बारा मुलं असणार, हॉल ८०० च्या खाली कधी जातच नसेल, तर सेन्सर हळूहळू ८०० ला ४०० म्हणायला लागेल आणि क्लाउडवर सुंदर हिरवा ग्राफ दिसेल आणि मुलं तशीच पेंगत राहतील. म्हणून ऑटो कॅलिब्रेशन बंद करता येतं का ते आधी विचारा, आणि दोन-तीन महिन्यांनी सेन्सर गच्चीवर सावलीत अर्धा तास ठेवून हातानं कॅलिब्रेट करा. दुसरं, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब सहाएक टक्के कमी, तेवढा आकडा कमी दिसतो. एससीडी४१ मध्ये उंची टाकायची सेटिंग आहे, ती भरून घ्या.

लावायचा कुठे? बसल्यावर नाक येतं त्या उंचीला, म्हणजे तीन-चार फुटांवर, भिंतीला, पण दार, खिडकी, एसीचा झोत यांपासून लांब आणि कुणाच्या अगदी तोंडासमोर नाही.

वायरलेसचं म्हणाल तर एका हॉलला वायफाय पुरतं, फक्त हे सेन्सर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तुमचा राउटर फक्त ५ वर असेल तर कनेक्ट होणार नाही. लोरावॅन हे लांबवर पोचणारं वायरलेस (आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, लायसन लागत नाही) अख्खं कॉलेज किंवा चार मजली बिल्डिंग असेल तर. तुमच्याकडे त्याचा गेटवे घेणं म्हणजे उगाच खर्च.

क्लाउडचा खरा फायदा एकच, आठवड्याभराचा ग्राफ समोर दिसतो आणि कुठल्या वेळी हवा कोंदते ते कळतं. त्यासाठी दर पाच मिनिटांनी एक रीडिंग भरपूर झालं. पेड सबस्क्रिप्शन कशाला, थिंगस्पीक या क्लाउड सेवेच्या फुकट अकाउंटवर दर १५ सेकंदांनी टाकता येतं, ओळखीत कुणी इंजिनीअरिंगचा मुलगा-मुलगी असेल तर ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला सेन्सर जोडून वीकेंडला करून देईल. तयार मशीनच घ्यायचं असेल तर दोन अटी घाला: नेट बंद असताना मशीनवरचा डिस्प्ले चालला पाहिजे, आणि डाटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती साधी फाइल) आपल्याला काढता आला पाहिजे. कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर भिंतीवर नुसता डबा नको उरायला. आणि अलर्ट मालकाच्या फोनवर नको! तुम्ही बाहेरगावी असाल तर १६०० चा मेसेज बघून काय करणार? तो त्या शिफ्टला बसणाऱ्या माणसाकडे जायला हवा आणि त्याला आधीच सांगून ठेवायचं, १२०० च्या वर दहा मिनिटं राहिलं की एक्झॉस्ट फुल आणि समोरची खिडकी उघड. दहा मिनिटं यासाठी की आठ-दहा मुलं एकदम आत आली की आकडा क्षणभर वर जातोच.

आता हवेचं. १००० च्या आत राहायला तुम्हाला तासाला साधारण १२४० घनमीटर बाहेरची हवा लागेल, म्हणजे हॉलची हवा तासात सातेक वेळा बदलायला हवी. सध्या किती बदलते ते सेन्सरच सांगेल: सफाईसाठी हॉल रिकामा कराल तेव्हा दारं लावून आकडा बघा. समजा १८२० होता, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १४०० जास्त, तो जास्तीचा भाग साधारण ५०० वर, म्हणजे एकूण ९२० ला, यायला जितका वेळ लागला तेवढ्यात तुमच्या हॉलची हवा एकदा बदलली. दोन तास लागले तर तासाला अर्धा वेळ, हवी होती सात! एक्झॉस्ट फॅनच्या बॉक्सवर तासाला किती घनमीटर ते छापलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला, जाळी नि डक्ट लावला की कमी होतो, म्हणून थोडा मोठा घ्या. आणि फॅनच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. रस्त्याकडची नको, धूर आणि धूळ येईल, आतल्या चौकाकडे खिडकी असेल तर ती. एसीचं बिल थोडं वाढेल, ते गृहीत धरा.

एक आणखी, जीवाचा प्रश्न आहे म्हणून: सीओटूचा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही, तो वेगळा वायू. बिल्डिंगमध्ये जनरेटर किंवा बाथरूमला गॅस गीझर असेल तर त्याचा अलार्म वेगळा घ्याच.

खिडक्या कुठल्या भिंतीला किती आहेत आणि पहाटे साधारण किती मुलं असतात ते कमेंटमध्ये लिहा, फॅन कुठे नि केवढा लागेल ते हिशोब करून सांगते.