फौजीशी लग्न ठरलंय, सासरी व्रतवैकल्यं फार. नवरा बॉर्डरवर असताना देवधर्म आणि संसार कसा सांभाळता?

तुम्ही लिहिलंय की मुलगा फौजेत आहे, सासर खानापूर तालुक्यातलं, सासूबाई एकही उपास न चुकवणाऱ्या आणि तुमचा स्वतःचा देवावरचा विश्वास 'असून नसल्यासारखा'. अशा घरात निभेल का?

निभेल. फक्त एक गोष्ट लग्नाआधीच मनाशी पक्की करा. नवऱ्याच्या जिवाची जबाबदारी तुमच्या उपासावर घ्यायची नाही. कुणी घालायला आलं तर घालून घ्यायची नाही.

मी बेळगाव तालुक्यातली. सासरे हवालदार म्हणून रिटायर झाले, आमचे हे मराठा लाईट इन्फंट्रीत. रेजिमेंटचं सेंटर इथंच बेळगावात, त्यामुळं आमच्या पश्चिम भागात फौजी नसलेली गल्ली शोधावी लागते. अशा गावात वटपौर्णिमा जरा वेगळी असते. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांतल्या निम्म्या जणींचे नवरे जम्मूला नाहीतर अरुणाचलला. मीही गुंडाळते, मला आवडतं ते. नवी साडी, सगळ्याजणी एकत्र, परतताना गप्पा. पण त्या दिवशी ताप होता म्हणून उपास मोडला आणि त्याच आठवड्यात सीमेवरच्या पोस्टवरून फोन आला नाही, की पोरी रडून अर्ध्या होतात. फोन येत नाही तो रेंज नसते म्हणून, नाहीतर तुकडी पुढं गेलेली असते म्हणून. त्याचा तुमच्या साबुदाण्याशी काही संबंध नाही.

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. आमच्या भागात हुतात्मा जवानाचं पार्थिव येतं तेव्हा अख्खी पंचक्रोशी लोटते, फुलं उधळतात, घोषणा होतात. दिवसकार्य उरकलं की त्याच गल्लीत कुणीतरी त्याच्या बायकोचा पायगुण काढतंच. मी स्वतः ऐकलंय. व्रतानं नवरा वाचतो असं एकदा मानलं, की तो गेला त्याचा दोष बायकोकडं आपोआप येतो. म्हणून म्हणते, तो हिशेब सुरूच करू नका. इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात होणार नाही. मला तो ठराव कुठल्याही महापूजेपेक्षा मोठा वाटतो.

सौंदत्तीचं तुम्ही विचारलंच आहे. लग्नानंतर यल्लम्माच्या डोंगरावर जायला लागेल, जा. आमचंही ते जाणं आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तिथं यल्लम्माचे पती जमदग्नी यांच्या मृत्यूचं दुःख म्हणून बायका बांगड्या फोडतात, त्या दिवशी मात्र मी जात नाही. गंमत म्हणजे हे मला सासूबाईंनीच सांगितलं. त्या स्वतः आयुष्यभर यल्लम्माच्या भक्त. पण म्हणाल्या, "फौजीच्या बायकांनी त्या पुनवेला नाही गेलं तर आई रागवत नाही, मी विचारलंय तिला." कधी विचारलं, कसं विचारलं, देव जाणे! त्यांच्या काळी फोन नव्हता. तार आली की उघडायच्या आधीच शेजारणी दारात जमायच्या, आणि आत बहुतेक वेळा रजा मंजूर झाल्याचंच असायचं. तुमच्या सासूबाईंनाही असं काहीतरी मागचं विचारा. कडक दिसणाऱ्या बायकांचा देव पुष्कळदा त्यांच्यापेक्षा मवाळ असतो.

सणांचं म्हणाल तर तारखांचा आग्रह सोडायचा. कागदावर जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते, पण ती कधी मिळेल हे युनिट ठरवतं, पंचांग नाही. आमच्याकडं गणपती बसतो तेव्हा हे बहुतेक नसतातच. गोवा एक्सप्रेसनं उतरले की त्या आठवड्यात मोदकही होतात आणि फराळही. गोंधळ तर आम्ही लग्नानंतर पुष्कळ उशिरा घातला. भाऊबंद कुजबुजले. कुजबुजू देत.

पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब, बायकापोरांना सोबत राहता येतं अशा ठिकाणी, क्वार्टर मिळालं की जा, थोडे दिवसांसाठी का होईना जा. तिथला देवधर्म तुम्हाला बहुतेक आवडेल. रविवारी मंदिर परेड असते. हो, तिला परेडच म्हणतात आणि वेळ चुकवून चालत नाही. युनिटला जवानांच्या धर्माप्रमाणं धर्मगुरू असतो, तोही फौजेतलाच, नायब सुभेदारापासून पुढच्या हुद्द्याचा. अधिकारी ख्रिश्चन असो की शीख, पलटण मराठ्यांची असेल तर आरतीला तोच पुढं उभा असतो. बऱ्याच ठिकाणी सर्वधर्मस्थळ असतं, एकाच छपराखाली मूर्ती, गुरुग्रंथसाहिब, कुराण, बायबल. गावात आमच्याकडं पूजेला कोण बसणार यावर भांडणं होतात. तिथं राजस्थानची, केरळची, आसामची बाई शेजारी टाळ्या वाजवत असते आणि आरतीचे शब्द कुणालाच धड येत नसतात. विश्वास 'असून नसल्यासारखा' असला तरी तिथं चालतं. तुम्ही किती मानता हे कुणी विचारत नाही, आलात का एवढंच बघतात. त्यातल्याच बायका मग रात्री-अपरात्री पोराला ताप आला तर एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सोबत येतात. आवाच्या, म्हणजे फौजींच्या बायकांच्या संघटनेच्या, बैठकींना कंटाळा आला तरी जात जा, ओळखी तिथंच होतात. हिंदी मोडकीतोडकी चालते. आपली तर अर्धी कानडी असते, तरी निभतं.

फिल्ड पोस्टिंगला मात्र तुम्ही गावी आणि ते तिकडं. त्या दिवसांत मला देवापेक्षा रोजच्या वेळेचा आधार जास्त झाला. संध्याकाळी दिवा, मग पोरांचा अभ्यास, मग बातम्या बंद. हे शेवटचं नक्की करा. चॅनेलवाले सीमेवर काही झालं की दिवसभर तेच दाखवतात आणि नाव कुणाचंच सांगत नाहीत.

आणि लग्नाच्या गडबडीत पत्रिकेतले गुण बघून झाले असतील तर एक कागदही बघा. लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतला नोंदीचा आदेश, निघाली का, हे नवऱ्याला लगेच विचारा. रेकॉर्डला बायको म्हणून तुमची नोंद तिच्यातूनच होते, पुढं मुलांचीही. नॉमिनीमध्ये अजून आईचंच नाव असेल तर ते कुणाचं ठेवायचं, हे दोघांनी बसून ठरवा. आधारवरचं, लग्नाच्या दाखल्यावरचं आणि बँकेतलं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं ठेवा. आपल्या भागात एकाच बाईचं नाव माहेरचं एक, सासरचं दुसरं आणि कन्नड कागदावर तिसरंच असतं, आणि पेन्शनीपर्यंत ते निस्तरत बसावं लागतं. सासूबाई म्हणतील लग्न झाल्या झाल्या असलं अभद्र काय काढता. त्यांना सांगा, बेळगावातल्या मिलिटरी महादेवाला पाया पडून मगच आम्ही सही करतो.