मुलांच्या किचन पार्टीत फिलिपिनो बेकरीतलं काय करता येईल?

पोलव्होरोन करा, म्हणजे भाजलेल्या मैद्याची भुसभुशीत मिठाई, ओव्हनच लागत नाही. मैदा कोरडाच मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचा (हे मोठ्यांनीच करा), गार झाला की मिल्क पावडर, पिठीसाखर आणि वितळलेलं बटर घालून साच्यात दाबायचं, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून रंगीत कागदात गुंडाळायचं, आणि पोरांना खरी मजा या गुंडाळण्यातच येते बघा. तिकडे पार्टीत एक खेळ असतो, तोंडात पोलव्होरोन कोंबून शिट्टी वाजवायची. पीठ उडणारच, खाली पेपर अंथरा.

वेळ असेल तर पांदेसाल, म्हणजे फिलिपिन्सचा सकाळचा पाव. यीस्टचं पीठ फुगलं की लांब वळी करून तुकडे पाडायचे आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचे, घोळवायचं काम पाच वर्षांचं पोरही करतं. नावाचा अर्थ ‘मिठाचा पाव’ असला तरी चव किंचित गोडच.

एनसायमादा, म्हणजे बटर घातलेला मऊ गोड पाव, मात्र मुलांसोबत नको, पीठ फार चिकट असतं. हवा असेल तर आदल्या दिवशी तुम्हीच भाजा, वरून बटर, साखर, किसलेलं चीज लावायला पोरांना द्या. साखरेवर चीज विचित्र वाटतं खरं, पण भन्नाट लागतं.