नाचणीची बिस्किटं तुटतात. डब्यासाठी भरपूर फायबर असलेला खाऊ घरच्या ओव्हनमध्ये कसा करावा?

तुम्हाला मुलांच्या डब्यात फायबर वाढवायचं आहे आणि नुसत्या नाचणीच्या पिठाची बिस्किटं हातात घेताच भुगा होतात, असं तुम्ही लिहिलंय. भुग्यावर उपाय आहे. पण आधी नाचणीबद्दल थोडं बोलू.

नाचणी जरूर खावी, कॅल्शियममध्ये तिच्या जवळपासही दुसरं धान्य नाही. फायबरचं मात्र तसं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची कोष्टकं पाहिली, तर 100 ग्रॅममागे नाचणी, ज्वारी, बाजरी आणि आपली रोजची कणीक, सगळ्यांत साधारण 10 ते 11.5 ग्रॅम फायबर आहे. मैद्यात 3 ग्रॅमपेक्षा कमी. अख्ख्या हरभऱ्यात 25 आणि जवसात 26! म्हणून मी सांगेन, पीठ कुठलंही घ्या, फक्त मैदा नको, गिरणीतून आणलेलं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा टाकू नका आणि त्यात जवस किंवा हरभरा येऊ द्या.

आता भुगा का होतो ते. नाचणी-ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ धरून ठेवणारं काही नसतं. शिवाय कोंडा पाणी शोषतो, पण सावकाश. मळल्या मळल्या लाटलं की कडा फाटतात. भाकरीच्या पिठात जसं उकळतं पाणी घालतात, तसंच इथंही करायचं.

आमच्याकडे नेहमी होणारा प्रकार सांगते. एक वाटी ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, तीन मोठे चमचे जवसाची भरड, दोन चमचे तीळ, ओवा, मीठ, थोडं तिखट. तीन मोठे चमचे तेल चोळून घ्या. मग उकळतं पाणी थोडं थोडं घालून उलथन्यानं कालवा, कोमट झालं की मळा आणि झाकून अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास अजिबात वाचवू नका. भिजलेला जवस चिकट होतो, तोच पीठ बांधून ठेवतो. दोन बटर पेपरमध्ये शंकरपाळ्याहून पातळ लाटा, काट्यानं टोचे मारा, चौकोन कापा. ओव्हन आधी तापवून 170 अंशांवर मधल्या जाळीवर 18 ते 22 मिनिटं. नाचणी मुळातच तपकिरी, रंगावरून काही कळत नाही, म्हणून कडा उचलून पाहा. ओव्हन बंद केल्यावर दार किलकिलं ठेवून दहा मिनिटं आत राहू द्या, मग छान कुरकुरीत होतात.

गोड हवं असेल तर खजूर वाटून घाला, त्यात स्वतःचं फायबर असतं. गुळाची बिस्किटं चवीला फार छान लागतात, पण शेवटी गूळ म्हणजे साखरच.

खरं विचाराल तर माझा कल बिस्किटांपेक्षा हरभऱ्यांकडे आहे. रात्रभर भिजवा, कुकरमध्ये बोटचेपे शिजवा, फडक्यावर पूर्ण कोरडे करा, चमचाभर तेल आणि मीठ लावून 200 अंशांवर 30 ते 35 मिनिटं भाजा, मध्ये दोनदा हलवा. चाट मसाला काढल्यावर लावा, आधी लावला तर करपतो. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे, कडक दाणे देऊ नका, घशात अडकू शकतात.

मोठ्यांनी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, दहा वर्षांखालच्या मुलांना वयाप्रमाणे कमी लागतं. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात मूठभरच द्या आणि पाण्याची बाटली रिकामी होऊन येते ना, ते बघा.

दोन्ही प्रकार पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. पावसाळ्यात मऊ पडले तर 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात.