थांबवायचा अधिकार आधीच कुणाला तरी दे

तुझं पत्र मिळालं. तुम्ही चौघं मिळून १०० किलोमीटर चालणार, घरचे गाडी घेऊन वाटेत भेटत राहणार आणि जमलेली रक्कम संस्थेला देणार, हे वाचून छान वाटलं. तू विचारलंयस बुटांबद्दल आणि सरावाबद्दल. तेही सांगतो, पण आधी तू न विचारलेलं. अर्ध्या वाटेत तुमच्यापैकी एखाद्याने पुढे जाऊ नये अशी वेळ आली, तर ते ठरवणार कोण?

हे आत्ताच ठरवा, घरात, शांतपणे. रात्री दोनला पाय सोलवटलेले असतात, झोप अनावर झालेली असते आणि लोकांनी आपल्या नावावर पैसे दिलेत ही जाणीव मानेवर बसलेली असते. अशा वेळी चालणाऱ्याला कसं वाटतंय विचारलंस तर ‘जमेल मला’ हेच उत्तर येणार. म्हणून तो अधिकार न चालणाऱ्या माणसाकडे हवा. तुझ्या घरात मला मावशी योग्य वाटते. बाबा तुझा चेहरा बघून विरघळतील, हे तुझ्याच पत्रावरून कळतं. तिला खुणा लिहून द्या: बोलणं गोंधळलेलं, पाऊल सरळ पडत नाही, पाणीही पोटात टिकत नाही, दुखण्यामुळे चाल बदलली आहे. यातलं एक जरी दिसलं आणि मावशी ‘बस’ म्हणाली, की वाद घालायचा नाही.

देणगीदारांना काय वाटेल, ही धास्ती असते ना? टेरी फॉक्सचं उदाहरण घे. कर्करोगात पाय गमावलेला हा तरुण १९८० साली कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी जमवायला कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. तो धावत होता, पण गोष्ट तुमच्या कामाची आहे. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर कर्करोग फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थंडर बे शहराजवळ थांबावं लागलं. अंतर अपुरं राहिलं, निधीचा ओघ मात्र त्यानंतर वाढतच गेला. याच मोहिमेतली दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. गाडी चालवणारा मित्र डग आणि टेरी यांच्यात सुरुवातीच्या काही आठवड्यांतच इतकं बिनसलं, की बोलणं जवळपास बंद झालं. शेवटी टेरीचा धाकटा भाऊ डॅरेल मध्ये येऊन राहिला. थकलेली माणसं आणि एक गाडी म्हटल्यावर खटके उडणारच. तुमच्यातही उडतील. हसतखेळत वातावरण हलकं ठेवणारा एकजण गाडीत असू दे, त्याला दुसरं काही काम दिलं नाहीत तरी चालेल.

आता वेळेचा हिशोब. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरले तर नुसते चालायचे २० तास. गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा म्हणतो, दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरा. तुमच्या वाटेवर एकूण १,८०० मीटर चढ असेल तर झाले २३. प्रत्येकी २० मिनिटांचे दहा थांबे म्हणजे वर आणखी तीन तास नि २० मिनिटं. रात्री वेग पडतो तो वेगळाच. तेव्हा घरच्यांना ३० तास सांग. लवकरची वेळ सांगितलीस तर प्रत्येक थांब्यावर ते काळजीने अर्धमेले होऊन उभे असतील.

थांब्यावर घडीची खुर्ची ठेवतात, ती फार घातकी वस्तू. बसलं की पाय आखडतात आणि उठवत नाही. भावाला घड्याळ दे, वेळ झाली की त्याने खुर्ची ओढून घ्यायची. धाकट्या भावांना हे काम मनापासून आवडतं.

बूट महिनाभर तरी आधी घे आणि त्यातच चाल. लांब चालताना पाय सुजतो, तेव्हा अर्धा नंबर मोठा बघ. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकरी किंवा सिंथेटिक घे. नखं सरळ काप. टाचेवर गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणायचं नाही. तिथेच बूट काढ, जागा पुसून कोरडी कर, चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लाव, तिच्या कडा बोटाने दाबून बसव, मोजा बदल आणि मगच पुढे. पाच मिनिटं जातात. फोड आल्यावर तासभर जातो.

पाणी तहानेनुसार पी. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकेदुखी सुरू होते आणि लोक उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात. मधूनमधून काहीतरी खारट पोटात जाऊ दे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी चालताना मनाने घेऊ नकोस, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला ती झेपत नाही. सरावात लागोपाठ दोन दिवस लांब चाल. थकल्या पायांनी दुसऱ्या सकाळी निघणं, हाच खरा सराव. शेवटचे दोन आठवडे मात्र कमी करत जा.

पैशांबाबत एकच सांगतो, पण ते कसोशीने पाळ. गाडीचं इंधन, राहणं, बूट हे सगळं तुमच्या खिशातून. देणगी थेट संस्थेच्या खात्यात, आणि ही व्यवस्था देणाऱ्याला आधीच सांगितलेली. तुझ्या वैयक्तिक खात्यातून एक पैसाही फिरू देऊ नकोस. घरच्यांकडून आणि जवळच्या मित्रांकडून पहिली देणगी घे. आकडा शून्यावर असताना परक्या माणसाचा हात आखडतो.

आणि गाडीचं. तुम्ही रात्रभर चालणार म्हणजे बाबाही रात्रभर जागणार, हे तुमच्यापैकी कुणी धरलेलं दिसत नाही. तुम्ही पोहोचल्यावर झोपाल, त्यांना मात्र परत गाडी चालवायची आहे. दुसरा चालक हवाच, आणि त्याने पहाटेपर्यंत झोप काढलेली हवी. सगळ्यांच्या कामांचा कागद तयार झाला की मला पाठव. त्यात मी आधी तेच नाव शोधणार आहे.