जुनं अपचन आहे, एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी नॉर्मल. जठराचं काम कोणत्या स्कॅनमध्ये दिसतं? आणि त्यातून कारण कळेल का?

गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन, म्हणजे जठर किती वेगाने रिकामं होतं ते मोजणारा. पण पूर्ण चार तासांचा. दोन तासांत आटोपलेल्या स्कॅनचा नॉर्मल रिपोर्ट मी तरी नॉर्मल धरत नाही.

आकडेच बघा. दोन तासांनी 60 टक्क्यांपर्यंत अन्न जठरात उरलं तरी चालतं. चार तासांनी 10 टक्क्यांच्या वर उरता कामा नये. दोन तासांना 55 आणि चार तासांना 22 टक्के असलेल्या पेशंटला लवकर उठवलं, की दोष हातातून निसटलाच. ‘कॅमेरा अडकून पडतो’ ही सबब तर ऐकूनच घेऊ नका. 0, 1, 2 आणि 4 तासांना मिनिटभराचे फोटो काढायचे असतात, मधल्या वेळात पेशंट बाहेर बसतो.

जेवणही ठरलेलंच हवं, कारण हे आकडे त्याच जेवणावर बसवलेत. 2008 च्या अमेरिकी शिफारशीप्रमाणे अंड्यातलं पांढरं 120 ग्रॅम, ब्रेडचे दोन स्लाइस, 30 ग्रॅम जॅम आणि 120 मिली पाणी, साधारण 255 कॅलरी. दहा मिनिटांत संपवायचं. टेक्नेशियम सल्फर कोलॉइड (कॅमेऱ्याला अन्न दिसावं म्हणून मिसळायचा किरणोत्सर्गी पदार्थ) कच्च्या अंड्यात कालवून मग शिजवायचं. शिजलेल्या अंड्यावर वरून टाकलं तर ते सुटतं, पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि मंद जठरही चपळ दिसतं. नुसतं द्रव पाजून केलेली तपासणी याच कारणाने फसवी: घन अन्न अडकत असतानाही द्रव बऱ्याचदा वेळेवर उतरतं.

फोटो पुढून आणि मागून, दोन्हीकडून हवेत. अन्न आधी जठराच्या वरच्या भागात, पाठीकडे असतं. मग खाली आणि पुढे येतं. समजा पुढून 80 हजार आणि मागून 1 लाख 25 हजार काउंट (कॅमेऱ्याने मोजलेले किरण) आले; तासाभराने ते बरोबर उलटे झाले. गुणाकाराचं वर्गमूळ दोन्ही वेळा 1 लाख, म्हणजे काहीच बाहेर पडलेलं नाही. नुसत्या पुढच्या फोटोत मात्र अन्न वाढल्यासारखं दिसेल! टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी त्याचे किरण निम्मे होतात; ती घट दुरुस्त केली नाही तर चार तासांत 37 टक्के अन्न कागदावरच नाहीसं होतं.

कारण कळेल का? अर्धंमुर्धं. फंक्शनल डिस्पेप्सियाच्या (तपासण्या नॉर्मल असूनही टिकणाऱ्या अपचनाच्या) बऱ्याच पेशंटचं जठर वेळेवर रिकामं होतं, आणि वेग व त्रास यांचा मेळ सैलच असतो. दोन घासांत पोट भरत असेल तर जेवताना जठराचा वरचा भाग सैलावत नसेल. ते स्पेक्ट (किरणोत्सर्गी पदार्थ वापरून केलेला त्रिमितीय स्कॅन) किंवा एमआरआयवर जठराचं जेवणाआधीचं-नंतरचं आकारमान मोजून कळतं, पण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते.

हो, डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, अफूवर्गीय वेदनाशामकं अशी जठराचा वेग बदलणारी औषधं स्कॅनसाठी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करावी लागतात. मधुमेह असेल तर त्या सकाळची साखर 275 च्या आत हवी. जास्त असेल तर तारीख बदलून घ्या, कारण वाढलेली साखरच जठर मंदावते. गर्भारपण, स्तनपान किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.