हातावरचा टॅटू आणि पाण्याखालची नोकरी

"मॅडम, हातावर टॅटू आहे. आता माझं काय होणार?" हा प्रश्न नाशिकमध्ये करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी आधी फक्त भरतीची तयारी करणारी मुलं विचारायची. आता हॉटेल मॅनेजमेंटवाले विचारतात, केबिन क्रूमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुली विचारतात आणि मालवणला एकदा स्कूबा करून आल्यावर त्यातच करिअर करायचं ठरवलेली पोरंही विचारतात. या शेवटच्या गटाला घाटाच्या अलीकडे नीट सांगणारं सहसा कुणी भेटत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

केदार (नाव आणि तपशील बदलले आहेत) तेवीस वर्षांचा, सिडकोत राहणारा. वडील सातपूरच्या कंपनीत. उजव्या हातावर कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत भरगच्च टॅटू, मानेवर एक छोटं सुदर्शनचक्र. अंदमानातल्या एका डाइव्ह सेंटरने मुलाखतीनंतर नकार कळवला होता. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: "हात बघूनच नाही म्हणाले." लेझरने सगळं काढून टाकायचं, त्यासाठी कर्ज काढायचं, इथपर्यंत घरात बोलणं गेलं होतं.

"हात बघूनच नाही म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कळतंच ना."

माणसाला घटना छळत नाही, घटनेवर त्याने मनात चिकटवलेलं वाक्य छळतं, असं मी मानते. म्हणून मी ते वाक्य सोडून आधी घटनेकडे वळते. केदारला मी ती मुलाखत मिनिटामिनिटाने सांगायला लावली. काय घातलं होतंस? पूर्ण बाहीचा शर्ट. हात कुठे होते? टेबलाखाली. काय विचारलं? पाहुण्याच्या मास्कमध्ये बारा मीटरवर पाणी शिरलं आणि तो घाबरून वर सुटायला लागला तर काय करशील. काय सांगितलंस?

इथे तो थांबला. "नीट आठवत नाही. तेव्हा बाही वर सरकली होती, ती ओढत होतो."

"आता सांग उत्तर."

त्याने सांगितलं, हातवारे करून. पाहुण्याला बीसीडीच्या (हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या) पट्ट्याला धरून थांबवायचं, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) तोंडात आहे ना ते पाहायचं, नजरेला नजर द्यायची, श्वास चालू ठेवण्याची खूण करायची. मग मास्कची वरची कड दाबून नाकाने हवा सोडायला लावायची. वर जावंच लागलं तर सोबत, सावकाश, श्वास न रोखता, कारण रोखलेल्या श्वासाने वर गेलं की फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकतं. उत्तर चोख होतं. दोन्ही हात माझ्या समोर, टेबलावर होते.

"हे उत्तर त्यांनी ऐकलंच नाही," मी म्हणाले. "त्यांनी बाही ओढणारा मुलगा पाहिला."

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे टॅटूने नाही, मी लपवल्यामुळे."

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. नकाराचं खरं कारण तेच होतं का, हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही. पण एकाच कारणाला मारलेली गाठ सुटली की माणूस इतर कारणं तपासू लागतो. पुढच्या भेटीला त्याने लॉगबुक आणलं. नोंदी जेमतेम पंचवीस डाइव्हच्या, आणि जागा डाइव्हमास्टरची, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जाणाऱ्याची होती!

पाडी (PADI) या डाइव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत डाइव्हमास्टरसाठी वय किमान १८, आधी रेस्क्यू डाइव्हरचं (अडचणीतल्या डाइव्हरला वाचवण्याचं) प्रमाणपत्र, चोवीस महिन्यांच्या आतलं प्रथमोपचार प्रशिक्षण, कोर्स सुरू करताना ४० आणि प्रमाणपत्र मिळताना ६० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात. शिवाय काही न लावता ४०० मीटर पोहणं, १५ मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं, मास्क-स्नॉर्कल-फिन्ससह ८०० मीटर आणि दमलेल्या डाइव्हरला १०० मीटर ओढून नेणं. ही तयारी नाशिकच्या तलावातही करता येते: ५० मीटरच्या तलावात ४०० मीटर म्हणजे आठ लांब्या, मध्ये न थांबता. आणि डाइव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत दमा, फिट्स, हृदय, कान, सायनस, शस्त्रक्रिया हे सगळं विचारतात. टॅटूचा प्रश्न नसतो.

मग टॅटू आड येतो कुठे? सर्वात स्पष्ट अडसर गणवेशाचा. सेनादलांत, म्हणजे नौदलातही, कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि पंज्याच्या मागच्या बाजूला चालतो, इतरत्र नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक: डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंज्याची मागची बाजू, आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी. उजवा हात सलामीचा, म्हणून तो वगळला आहे. एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) जवान याच दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, त्यामुळे तिथल्या पाणबुड्यालाही हीच चाळणी. केदारच्या मानेवरचं चक्र आणि उजव्या हातावरचं भरगच्च काम, दोन्ही इथे बसत नाहीत. हे मी त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देऊन पोरांची वर्षं वाया जातात.

तेलविहिरी, बंदरं, जहाजांचा तळ अशा व्यावसायिक डाइव्हिंगमध्ये फुप्फुसं, कान आणि वेल्डिंगचा हात बघतात. पर्यटनातलं डाइव्ह सेंटर या दोन्हींच्या मध्ये. पाण्यात अंगात वेटसूट (रबरी पोशाख) किंवा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) असतो. दिसतात ते पंजे, मान आणि चेहरा. पण त्याआधीचं ब्रीफिंग टी-शर्टमध्ये होतं, आणि मोठ्या हॉटेलशी जोडलेल्या सेंटरला हॉटेलचे नियम लागू होतात. अर्ज करण्याआधीच इमेलवर विचारावं, "दिसणाऱ्या टॅटूबद्दल आपलं धोरण काय?" सोबत हाताचा साधा फोटो. नकार आलाच तर तिकिटाच्या खर्चाआधी येतो. श्रीलंकेत जायचं असेल तर बुद्धाची आकृती अंगावर नसलेली बरी. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला तिथून परत पाठवलं होतं.

लेझरचा हट्ट केदारने हिशेब मांडल्यावर सोडला. दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, बैठका अनेक, म्हणजे वर्ष सहज जातं. काळी शाई तुलनेने लवकर विरते. हिरवी, निळी, पिवळी चिवट. आपल्या सावळ्या त्वचेवर डाग किंवा पांढरे चट्टे राहण्याची शक्यता असते. प्रत्येक बैठकीनंतर जखम भरेपर्यंत ऊन आणि समुद्र बंद. मालवणचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यामुळे लॉगबुक भरायचे तेच महिने हातचे गेले असते. मानेवरचं चक्र तेवढं पुढे काढायचं का, ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून पावसाळ्यात ठरवायचं, असं त्याने स्वतःच ठरवलं.

नवीन टॅटू करून लगेच पाण्यात उतरणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, निदान चार आठवडे थांबा. तोवर ती उघडी जखम असते. खाऱ्या कोमट पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू त्यातून शिरले तर जिवावर बेतू शकतं, विशेषतः यकृताचा आजार असलेल्यांच्या. वेटसूट घासून खपली निघते, शाईही जाते.

केदारचे वडील एकदा सोबत आले होते. "मॅडम, त्याच्या आजीच्या कपाळावर, हातावर गोंदण होतं, कुणी काही बोललं नाही. याचंच का एवढं?" मी म्हटलं, "आजींना मुलाखत द्यायची नव्हती. याला द्यायची आहे, तर हात टेबलावर ठेवून देऊ दे."

त्याने तारकर्लीला रेस्क्यू डाइव्हरचा कोर्स केला, डाइव्ह वाढवल्या आणि तीन सेंटरना फोटोसह लिहिलं. एकाने हॉटेलच्या नियमावर बोट ठेवून नकार दिला, एकाचं उत्तरच आलं नाही, तिसऱ्याने बाहीचा रॅशगार्ड घालायच्या अटीवर डाइव्हमास्टर प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावलं. ज्यांनी अजून टॅटू केलेला नाही आणि वर्दीचा विचार डोक्यात आहे, त्यांनी भरतीची जाहिरात आधी वाचावी, मान-चेहरा मोकळा ठेवावा, आणि करायचाच तर हंगाम संपल्यावर जूनमध्ये करावा.