घर गहाण टाकून अँटिबॉडी इंजिनीअरिंग शिकावं का?

प्रश्न: वय २६, एमएस्सी बायोटेक्नॉलॉजी. पुण्याजवळच्या बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखीच औषधं बनवणाऱ्या) कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. हातात ४५ हजार येतात, शिल्लक ६ लाख. मला औषधी अँटिबॉडी, म्हणजे शरीरातल्या ठरावीक लक्ष्याला नेमकी चिकटणारी प्रथिनं, डिझाइन करायच्या आहेत. इंग्लंडमध्ये एका वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय, खर्च ३५ लाख. बाबा सांगलीचं घर तारण ठेवायला तयार आहेत. कर्ज घेऊ का?

उत्तर: या कोर्ससाठी नको. क्षेत्राला माझा विरोध नाही, उलट तुमची निवड मला पटते.

आधी हप्ता बघू. व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणाचं वर्ष आणि पुढचे सहा महिने मिळून सव्वापाच लाख व्याज चढतं. मग सव्वाचाळीस लाखांवर दहा वर्षांसाठी महिन्याला ५३ हजारांचा हप्ता. तुमच्या आजच्या पगारात तो बसतच नाही, म्हणजे तिकडे नोकरी लागलीच पाहिजे. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहू देणारा तिथला ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल, पीएचडीवाल्यांना मात्र तीन. व्याजावरच्या करसवलतीचं गाजर एजंट दाखवतात. ती फक्त जुन्या कररचनेत, जास्तीत जास्त आठ वर्षं, आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच उपयोगाची.

आता मुख्य मुद्दा. अँटिबॉडीची रचना ठरवणाऱ्या जागांवर बहुतेक पीएचडी झालेले लोक लागतात. आणखी एका एमएस्सीनं तुम्ही पुन्हा टेस्टिंगच्याच टेबलावर याल, फक्त पौंडांत. भारतात यातलं मोठं काम बायोसिमिलरचं, म्हणजे दुसऱ्यानं रचलेला रेणू शक्य तितका तसाच उतरवण्याचं. पुण्याच्या सीरमनं रेबीजवरची अँटिबॉडी बाजारात आणली, पण ती मुळात शोधली अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सनं. म्हणून तुमची ओढ मला कळते.

पण पीएचडीला बहुधा मोठी फी भरायची नसते, उलट फेलोशिप असेल तर पैसे मिळतात. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं, आणि फेलोशिपवर कर नाही. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी बहुधा पगारी कर्मचारीच असतो. यातही तोटा आहेच: पाच-सहा वर्षं पगारवाढ विसरायची, बरोबरीचे लोक फ्लॅट बुक करतील ते बघायचं. पण त्यात घर जात नाही.

तुमच्या हातातलं काम कमी लेखू नका. एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) एकमेकांना चिकटलेल्या रेणूंचा आलेखात जो जादा उंचवटा (पीक) तुम्ही रोज मोजता, तो येऊ नये म्हणून कुठलं अमिनो आम्ल बदलायचं, हाच तर डिझाइन करणाऱ्याचा प्रश्न. पीएचडीच्या मुलाखतीत हे सांगा. तोवर कंपनीतच अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंटला (चाचणीच्या पद्धती विकसित करणाऱ्या विभागात) बदली मागा. नाही दिली तर बंगळुरू-हैदराबादच्या संशोधन कंपन्यांत अर्ज करा, पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल.

६ लाखांतले ३ लाख एफडीत अडीअडचणीसाठी, बाकीचे परीक्षा, अर्ज आणि वर्षभराच्या धावपळीसाठी. बाबांचा आरोग्यविमा नसेल तर तो सगळ्यात आधी.

आणि प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, ते विद्यापीठाला आजच ई-मेल करून विचारा. तोपर्यंत घराचे कागद बँकेत नेऊ नका.